खोपोली ते खंडाळा

आमच्या मुळशीचे डोंगर उत्तरेला उतरले की लोणावळे लागते. शाळेची सहल घेऊन बोरघाटातून जाताना बोगदा आला की मुले आरोळ्या ठोकतात. मला त्या काळोखात जेम्स बर्कले आठवतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मुख्य अभियंता १८५० साली मुंबईस आला, तेव्हा वय अवघे तीस. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तो मार्ग त्यानेच उभारला. पण खरी परीक्षा सह्याद्रीने घेतली. जून १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यास गाडी सुरू झाली; खाली खोपोलीपर्यंत रूळ आलेच होते. अडला होता तो मधला घाट. उतारूंनी खोपोलीस उतरावे, पालखीत, तट्टावर, नाहीतर पायी चढावे आणि खंडाळ्यास पुन्हा गाडी धरावी! अशी जवळजवळ पाच वर्षे गेली.

चढ १८३१ फुटांचा. कड्याशी गाडी वळवायला जागा नाही. बर्कलेने तोड काढली ती मोठी गमतीची : गाडी थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि शेपटाचे तोंड करून वर न्यायची. ही सोय १९२९ पर्यंत चालली. बोगदे पंचवीस. सुरुंगाची भोके पाडायला माणसे दोराने कड्यावरून खाली सोडीत.

आणि या माणसांना मजुरी वेळेवर मिळेना. जानेवारी १८५९ मध्ये दंगा उसळला, एक गोरा मारला गेला, आणि त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. नकाशात चूक नव्हती. चूक होती ती पगाराच्या दिवसात. टाटांच्या धरणापायी १९२१ साली ज्यांच्या पूर्वजांनी सत्याग्रह केला, त्या आमच्या मुलांना हे फोड करून सांगावे लागत नाही.

पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस विलायतेला परतली असती तर कोणी दोष दिला नसता. तिने कंत्राट आपल्या नावावर घेतले आणि तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटात बेचाळीस हजार माणसे राबत होती, त्यांत बायका होत्या, पोरे होती. पटकीची साथ आली की तळच्या तळ उठे.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाटमार्गाचे उद्घाटन केले. १४ मेपासून मुंबईचा उतारू खाली न उतरता पुण्यास पोहोचू लागला. बर्कले तेव्हा नव्हता. प्रकृती ढासळून तो विलायतेला गेला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारला. घाटातून वर चढलेली गाडी त्याने पाहिलीच नाही.