पाकळीपलीकडचा उजेड

खिडकी आणि फूल या दोन वस्तू छायाचित्रणाच्या इतिहासात अगदी आरंभापासून आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने ऑगस्ट १८३५ मध्ये लॅकॉक ॲबे या आपल्या वाड्यातील खिडकीचे चित्र टिपले. उपलब्ध निगेटिव्हांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. लेप दिलेल्या कागदावर पानेफुले ठेवून तो ती उन्हातही धरीत असे. विरळ पाकळीतून प्रकाश पार होई आणि कागद काळवंडे. जाड देठाखाली तो पांढराच राही. फुलाची ही प्रारंभीची चित्रे आरपार आलेल्या उजेडाची होती.

मुंबईत ही विद्या फार उशिरा आली नाही. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत वर्ग सुरू झाला. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेतील आपले आद्य पुरुष. पण फुलाला त्या काळची काच अनुकूल नव्हती. तिला निळा रंग तेवढा दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. लालभडक जास्वंद तिच्यावर काळीठिक्कर उमटे. आपला जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याच्या वनस्पतींवर वनाधिकारी डब्ल्यू. ए. टॅल्बट (हे दुसरे टॅल्बट) यांनी १९०९ व १९११ साली दोन खंड प्रसिद्ध केले, त्यांतही फुले रेखाचित्रांतच आहेत. दरम्यान १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची रंगीत काच बाजारात आली. गंमत अशी, की तीही उजेडासमोर धरूनच पाहावी लागे.

आपल्या जुन्या घरांतील गजांची खिडकी या कामास उत्तम, असे आमचे मत आहे. पावसाळ्यात ढगांतून गाळून येणारा उजेड मऊ असतो. उन्हाळ्यात खिडकीवर धुतलेले पांढरे धोतर ताणले की तेच साधते. फूल खिडकी व कॅमेरा यांच्यामध्ये ठेवावे. कॅमेरा खिडकीच्या लखलखाटाला भुलतो आणि फूल अंधारात टाकतो. म्हणून उजेड थोडा अधिक घ्यावा, फुलाच्या अलीकडे पांढरा कागद उभा करावा. मग पाकळीतल्या शिरा दिसू लागतात. समोरून झगझगीत फ्लॅश मारणाऱ्यांस त्या कधीच दिसत नाहीत.

हे सारे हौसेखातर आम्ही सांगत नाही. काळी नदीवरील धरण १९८७ मध्ये पुरे झाले आणि सुपे गाव पाण्याखाली गेले. विस्थापित रामनगरला व अन्यत्र गेले. त्यांनी देव नेले, भांडीकुंडी नेली, लग्नमुंजींचे फोटो नेले. दारची बकुळ आणि परसातला सोनचाफा नेता येण्याजोगे नव्हते, आणि त्यांचे चित्र काढून ठेवावे असे त्या धांदलीत कोणास सुचणार? आज त्या झाडांच्या फुलण्याची आठवण म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तेवढी उरली आहे.

उरलेल्या परसांतली फुले तरी टिपून ठेवावीत. सुरंगीचा बहार थोडक्याच दिवसांचा, तिच्यापासून आरंभ करावा. चित्राच्या मागे फुलाचे घरात चालते ते नाव, झाड कोणाच्या परसातले ते, आणि तारीख पेन्सिलीने लिहावी; शाई पुढे फुटते.