‘जय भीम’ची प्रश्नचिन्हे का होतात? डेटाबेस आणि प्रोग्रामिंग भाषांतील अक्षरसंकेत

मुळशी तालुक्यातील हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारे तरुण असोत की गावच्या वाचनालयाची यादी संगणकावर चढवणारे कार्यकर्ते, एक अडचण अनेकांना येते: मराठीत भरलेले नाव डेटाबेसमधून ‘????’ होऊन परत येते. संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. आणि ते आकडे डेटाबेस व प्रोग्रामिंग भाषा वेगवेगळ्या रीतीने मोजतात.

लांबीचा हिशेब : यूनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये अशा प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘आंबेडकर’ म्हणजे ७ चिन्हे, २१ बाइट. ओरॅकलमध्ये २० लांबीचा रकाना मूळ सेटिंगनुसार बाइटांत मोजला जातो. हे नाव त्यात मावत नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल चिन्हे मोजतात. तिथे ते सहज बसते.

अपुरा ‘यूटीएफ८’ : मायएसक्यूएलमधील या नावाचा जुना पर्याय ३ बाइटांपर्यंतचीच चिन्हे घेतो. धम्मचक्राचे चिन्ह ३ बाइटांचे, म्हणून साठते. निळ्या हृदयाची इमोजी ४ बाइटांची. ‘जय भीम’पुढे ती टाकली की एरर येते, किंवा सेटिंग सैल असेल तर तिथून पुढचा मजकूर कापला जातो. ब्राह्मीचेही तसेच. शेजारच्या मावळातील कार्ले लेण्यांचे दानलेख ज्या लिपीत आहेत, ती २०१० मध्ये यूनिकोडमध्ये आली आणि तिच्या अक्षरांना ४ बाइट लागतात. म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावा. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तेच मूळ सेटिंग आहे.

भाषांचे मोजमाप : ‘जय भीम’, त्यापुढे मोकळी जागा आणि निळे हृदय, एवढ्या मजकुराची लांबी पायथॉन ३ मध्ये ८ येते, जावास्क्रिप्टमध्ये ९. जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ नुसार मोजते आणि तिथे या इमोजीला दोन घटक लागतात. फॉर्मवरील अक्षरमर्यादा ठरवताना हा फरक ध्यानात ठेवावा.

काय करावे : आधी बॅकअप घ्या. टेबल, डेटाबेसची जोडणी आणि वेबपान या तिन्ही ठिकाणी संकेत जुळवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आधी यूनिकोडमध्ये बदला. मराठीऐवजी विचित्र लॅटिन अक्षरे दिसत असतील तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. मात्र प्रश्नचिन्हे होऊनच साठलेले नाव डेटाबेसमधून परत मिळत नाही. ते मूळ कागदावरून पुन्हा भरावे लागते. म्हणून कागद जपून ठेवा.