वसईचे दोन डिसेंबर

हिवाळ्यात मुंबई पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही आधी वसईस नेतो. मुंबई पाहून झाल्यावर वेळ उरल्यास वसई गाठावी, ही रूढ रीत आम्हांस उलटी वाटते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हा मुंबईची बेटे तिच्यासोबत गेली. पुढे उत्तरेकडील पोर्तुगीज मुलुखाचे मुख्य ठाणे वसईच होते.

किल्ल्यात पाहुण्यांची पावले चिमाजी अप्पांच्या पुतळ्याकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. मे १७३९ मधील विजय थोर होता. त्या वेळची घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही आहे. मात्र पुतळ्यापाशीच फेरी संपावी, हे आम्हांस खटकते. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव वसईस येऊन इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तह केला. तैनाती फौज पदरी आली, परराष्ट्र व्यवहाराचे स्वातंत्र्य गेले. विजयाला अवघी ६३ वर्षे झाली होती. चिमाजी अप्पा बाजीरावाचे चुलत आजोबाच! ही तारीख आपल्या सहलींतून गळते, कारण पराभवाचा पुतळा कोण उभारणार?

आम्ही पाहुण्यांना शक्यतो वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात नेतो. पावसाळ्यात माजलेले गवत तोवर वाळलेले असते आणि पडक्या फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीवरील थडग्यांची पोर्तुगीज अक्षरे, तिरप्या उन्हात, बोट फिरवीत वाचता येतात.