दोरीवरचं रोप

धाटावात एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला भातखाचरं. मी कारखान्यात आकडेवारीचं काम करतो. पण निर्णयासाठी डेटा कसा गोळा करावा, याचा धडा मला खाचराच्या इतिहासात सापडला.

पूर्वी गावाचं पीक नजरेने ठरे. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. त्या आणेवारीवर शेतसाऱ्याची सूट मिळे. १९४०च्या दशकात साताऱ्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत वेगळी पद्धत रुजवली : शेत नजरेने नव्हे, चिठ्ठीसारखं निवडायचं; त्यात चौकोन आखायचा, कापायचा, झोडायचा, तोलायचा.

चौकोन केवढा? कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे : खर्च कमी, ठिकाणं जास्त. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की लहान तुकडा पीक फुगवून सांगतो. दोरीवर आलेलं रोप कापणारा नकळत आत घेतो. हिशोब सोपा आहे. एक मीटरच्या चौकोनात दर चौरस मीटरमागे चार मीटर कड येते. दहा मीटरच्या चौकोनात फक्त चाळीस सेंटिमीटर.

ही चूक आणखी हजार शेतं मोजूनही जात नाही; आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो. आज पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते. आकडा फुगला, तर शेतकऱ्याची भरपाई बुडाली.

म्हणून डेटा किती आहे, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो : दोरी कुणी धरली, आणि तिच्यावरचं रोप कुठे मोजलं?