इंग्रजी वाक्यांतील चुकांचें मूळ

१८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं मराठीचें व्याकरण इंग्रजीच्या धर्तीवर रचलें. आपल्या चुकांत मात्र उलट घडतें. तेथें इंग्रजी मराठीच्या सांच्यांत ओतली जाते.

‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हें ‘पांच वर्षांपासून राहात आहें’ याचें शब्दशः रूपांतर होय. येथें ‘हॅव बीन लिव्हिंग’ आणि ‘फॉर’ हवें. ‘डिस्कस’पुढील ‘अबाउट’ हेंही आपल्या ‘विषयीं’चेंच अपत्य.

डहाणू-तलासरीकडील वारली मुलास घरीं वारली बोली, शाळेंत मराठी व त्यापुढें इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. त्याची चूक मंदबुद्धीचें लक्षण मानणें अन्यायाचें होय. शिक्षकानें वाक्य खोडण्यापूर्वीं, तें कोणत्या भाषेंतून आलें, हें अवश्य शोधावें.