ओळखीच्या क्रमांकाचा खर्च आणि संसद

टेंभली हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील आदिवासी वस्तीचे एक लहानसे गाव. 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तेथे आले, आणि देशातील पहिले बारा अंकी 'आधार' क्रमांक त्या गावच्या रहिवाशांच्या हाती पडले. समारंभाच्या गर्दीत एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होण्यासारखी होती. ज्या प्राधिकरणाने हे क्रमांक दिले, त्याच्या पाठीशी त्या दिवशी संसदेचा कोणताही कायदा नव्हता. 28 जानेवारी 2009 च्या एका अधिसूचनेने, योजना आयोगाच्या छायेखाली, ते जन्मास आले होते. त्याचा खर्च तेवढा दरसालच्या अर्थसंकल्पातून, म्हणजे लोकसभेने मान्य केलेल्या अनुदानांतून, चालला होता.

यात बेकायदेशीर असे काही होते काय? तसे म्हणता येत नाही. सरकारला एखादे काम हाती घ्यावयाचे तर प्रत्येक वेळी स्वतंत्र कायदाच हवा, असे नाही; त्यासाठी लोकसभेने पैसा मंजूर केला म्हणजे पुरे. पण मंजुरीची रीत कशी असते तेही ध्यानात घेतले पाहिजे. शेकडो पृष्ठांच्या मागण्यांत अशी योजना एका ओळीत मावते, आणि चर्चेची मुदत संपली की उरलेल्या मागण्या 'गिलोटिन' लावून एकदम मतास टाकल्या जातात. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 साली गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा सभासदांना बोलण्याची मुभा होती, मताचा अधिकार नव्हता. गोखल्यांनी आकड्यांचा असा अभ्यास केला की सरकारला त्यांचे म्हणणे मनावर घ्यावे लागे. आज मताचा अधिकार आहे; वेळ मात्र नाही.

ही उणीव भरून काढण्याकरिताच समित्यांची योजना झाली. लोकलेखा समिती 1921 पासूनची. ती झालेल्या खर्चाची झडती घेते. व्हावयाच्या खर्चाकडे पाहणारी अंदाज समिती 1950 साली स्थापन झाली. मूळच्या कोकणातल्या पण गुजरातेत स्थायिक झालेल्या घराण्यातील गणेश वासुदेव मावळणकर तेव्हा सभापतिपदी होते, आणि या समितीचे पहिले अध्यक्षपद मद्रासकडील अनंतशयनम् अय्यंगार यांच्याकडे गेले. 1993 पासून खात्याखात्यांच्या स्थायी समित्या आल्या. त्यांपैकी अर्थखात्याच्या समितीपुढे ओळखीच्या क्रमांकाचे प्रकरण आले.

ते आले कधी, हे पाहण्यासारखे आहे. प्राधिकरणाला कायद्याचे अधिष्ठान देणारे विधेयक 3 डिसेंबर 2010 रोजी राज्यसभेत मांडले गेले, म्हणजे टेंभलीच्या समारंभानंतर दोन महिन्यांनी. 3,023 कोटी रुपयांचा दुसरा टप्पा तोवर मंजूर होऊन गेला होता. समितीचे अध्यक्ष यशवंत सिन्हा. हे पूर्वी प्रशासकीय सेवेत होते आणि पुढे अर्थमंत्रीही झाले. त्यामुळे फायली कशा लिहिल्या जातात आणि अंदाज कसे फुगतात किंवा आखडतात, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. 13 डिसेंबर 2011 रोजी समितीचा अहवाल संसदेस सादर झाला. काही सदस्यांनी आपली असहमती नोंदविली, तरी अहवालाचा सूर कठोरच राहिला. योजनेच्या उद्देशात स्पष्टता नाही; शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र इत्यादी जी साधने आधीच अस्तित्वात आहेत, त्यांच्या तुलनेत नव्या क्रमांकाला किती खर्च येईल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही; तपशीलवार प्रकल्प अहवाल तयार झाला तो एप्रिल 2011 मध्ये, क्रमांक वाटावयास प्रारंभ झाल्यानंतर. घर बांधून झाल्यावर नकाशा काढावा, तशातलाच हा प्रकार.

समितीचा सर्वांत रोखठोक आक्षेप दुहेरी खर्चाचा होता. ओळख प्राधिकरण लोकांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा घेत होतेच. शिवाय गृहखात्याच्या अखत्यारीतील जनगणना विभागही राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीसाठी तेच काम करीत होता. तोड निघाली ती राज्यांच्या वाटणीची. महाराष्ट्र प्राधिकरणाकडे राहिला. तमिळनाडूत हे काम मुख्यतः जनगणना विभागाकडे गेले. त्यामुळे टेंभलीच्या शेतमजुराने ठसे दिले ते एका खात्याला, आणि मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, टी. नगरात पाँडी बाजारालगत राहणाऱ्या गृहस्थाने दिले ते दुसऱ्याला. क्रमांक मात्र दोघांना एकाच प्राधिकरणाचा मिळावयाचा. टी. नगर हे नाव ज्यांच्यावरून पडले ते सर पिट्टी त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष होते. एकाच कामासाठी दोन खात्यांनी दारात यावे, ही गोष्ट नगरपित्याच्या हिशेबात कशी बसली असती, ही कल्पनाच करावी.

समितीने इंग्लंडचाही दाखला दिला होता. तेथे युद्धकाळात, 1939 साली, सर्वांना ओळखपत्रे देण्यात आली आणि 1952 साली ती रद्द झाली. अर्धशतकानंतर सरकारने तोच विचार नव्या यंत्रसामग्रीसह पुढे आणला, तेव्हा उमरावांच्या सभागृहाने खर्च किती ते आधी सांगा असा आग्रह धरला. त्या ओढाताणीतून 2006 च्या कायद्यात एक कलम आले : दर सहा महिन्यांनी मंत्र्याने पुढील दहा वर्षांच्या खर्चाचा अंदाज संसदेपुढे ठेवलाच पाहिजे. पहिला अंदाज 5.4 अब्ज पौंडांचा निघाला. लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयातील अभ्यासकांनी तर त्याआधीच 10.6 ते 19.2 अब्ज पौंडांचा आकडा मांडला होता. आकडा दर सहामाहीस चव्हाट्यावर येऊ लागला, तसे विरोधकांना नवे निमित्त शोधण्याचे कारणच उरले नाही. 2010 साली सरकार बदलले आणि योजना कायद्यानेच गुंडाळली गेली. खर्च हे काही त्याचे एकमेव कारण नव्हते; नागरिकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही तितकाच मोठा होता.

इंग्लंडची परिस्थिती निराळी, तेथे पत्र होते आणि येथे केवळ क्रमांक आहे, असे उत्तर भारत सरकारच्या बाजूने देण्यात आले. त्यात तथ्य होते. ज्या देशात लाखो गरिबांपाशी आपण कोण हे सिद्ध करणारा एकही कागद नाही, त्या देशात या क्रमांकाची गरज लंडनपेक्षा नंदुरबारला अधिक वाटावी, हे उघड आहे. पण गरज मोठी म्हणून हिशेब उशिरा, हा न्याय काही त्यातून निघत नाही.

अहवालानंतर दीड महिना उलटतो न उलटतो तोच, 27 जानेवारी 2012 रोजी, मंत्रिमंडळाच्या समितीने एकूण खर्चाची मर्यादा 8,814.75 कोटींवर नेली आणि दोन्ही खात्यांचे काम चालू ठेवले. ज्याने एकीकडे ठसे दिले त्याचे दुसरीकडे पुन्हा घेऊ नयेत, एवढे पथ्य घालून दिले. विधेयक पडून राहिले. मार्च 2016 मध्ये नव्या सरकारने दुसरे विधेयक आणले ते धनविधेयक म्हणून. ते कोणत्याही समितीकडे गेले नाही. राज्यसभेने 16 मार्चला सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. ते धनविधेयक ठरविणे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी बहुमताने ग्राह्य धरले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी मात्र त्यास राज्यघटनेशी केलेली लबाडी ठरविले.

त्या कायद्याने प्राधिकरणाचे हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या तपासणीखाली आले. 2014-15 ते 2018-19 या पाच वर्षांच्या कारभारावरील त्यांचा अहवाल एप्रिल 2022 मध्ये संसदेपुढे आला. बँका आणि दूरध्वनी कंपन्यांना ओळख पडताळणीची सेवा मार्च 2019 पर्यंत विनामूल्य दिली गेली आणि सरकारचे तेवढे उत्पन्न बुडाले, अशी त्यात नोंद आहे. टेंभलीला पहिला क्रमांक मिळाल्यास तोवर साडेअकरा वर्षे होऊन गेली होती.