राणीचा बाग
मुंबईच्या भायखळा भागातील एक ऐतिहासिक वनस्पतिउद्यान. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची बाग पूर्वी शिवडीस होती. ती जागा यूरोपीय दफनभूमीसाठी घेतली गेल्यावर १८६१ मध्ये भायखळ्यास नवी बाग आखण्यात आली. तीत डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा पुढाकार होता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरपत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि १८९० मध्ये प्राणिसंग्रहासाठी १५ एकर जागा तीस जोडण्यात आली.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईचा कापूस महागला व शहरात अमाप पैसा आला. त्या काळच्या इंग्रज अभिरुचीला ग्रीक-रोमन कला हा सभ्यतेचा मानदंड वाटे. साहजिकच बागेची सजावटही त्याच वळणाची झाली. कॉरिंथियन स्तंभांची तिहेरी कमान आणि लेडी फ्रिअर यांच्या सन्मानार्थ उभारलेला ग्रीक देवळाच्या घाटाचा मंडप ही त्याची ठळक उदाहरणे होत. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून झालेला घड्याळमनोरा मात्र प्रबोधनकालीन इटालियन धर्तीचा आहे. त्यावर सकाळ, दुपार, सायंकाळ व रात्र यांची सूचक मुखे कोरली आहेत. ही अभिरुची येथील मातीतून उगवलेली नव्हती. तिच्याशेजारीच घारापुरीचा प्रचंड पाषाणहत्ती आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर काळात शहरातील चौकांतून हलविलेले अनेक पुतळे १९६५ च्या सुमारास याच परिसरात आणले गेले. त्यांत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. दामोदर चापेकरांनी १८९६ मध्ये डांबर फासला तो हाच. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याची कथा याहून विलक्षण आहे. तो किल्ल्यात असताना लोक त्याला देव समजून हार-फुले वाहत, त्या स्थानास ‘छोटे देऊळ’ म्हणत. सरकारने मनाई करूनही ही पूजा लवकर थांबली नाही. साम्राज्याच्या गौरवासाठी घडविलेल्या मूर्तीला लोकांनी परस्पर आपला अर्थ दिला होता. यांतील काही पुतळे आज भग्नावस्थेत आहेत.

बागेची खरी संपत्ती मात्र तिची झाडे. ब्रह्मदेशातील उर्वशी, आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती असे दूरदेशीचे वृक्ष येथे देशी वृक्षांबरोबर वाढले आहेत. भर वस्तीत एवढा जुना वृक्षसंग्रह मुंबईत दुसरा नाही. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्रचनेची मोठी योजना पुढे आली, तेव्हा वृक्षांवर घाला येईल या भीतीने नागरिकांनी तिला विरोध केला. २०१६ मध्ये येथे हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले व गर्दीचा ओघ त्यांच्याकडे वळला. उर्वशीचा बहर पाहण्यासाठी थांबणारे थोडेच.